चिटणीस, फडणवीस आणि महालनोबिस: आडनावात अडकलेली नोकरी

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी हा भाग नेहमीप्रमाणे लिहून देतोय. बोलताना जे 'अं... म्हणजे...' होतं ते काढलंय, बाकी जसं बोललो तसंच आहे.

नागपुरात मॅप उघडून 'चिट' एवढंच टाइप करून बघा. महालातलं चिटणीस पार्क येईल आणि सिव्हिल लाइन्समधलं चिटणवीस सेंटर येईल. एकच शहर, एकच आडनाव, दोन रूपं. कोणीतरी बोर्ड चुकीचा रंगवला असं नाही, दोन्ही बरोबर आहेत. आता बातम्या लावा. नागपूरचे दोन मोठे नेते, फडणवीस आणि गडकरी. या दोन्ही आडनावांना आज आपण 'डेझिग्नेशन' म्हणू. एक कचेरीतलं, दुसरं किल्ल्यावरचं. म्हणजे लिंक्डइनवर नावाखाली जे लिहितात, ते यांच्या नावातच आहे.

आजचा विषय तोच आहे, माणसाची नोकरी त्याचं आडनाव कशी होते आणि नोकरी गेल्यावरही ते आडनाव काहून राहतं.

ही गोष्ट फक्त आपल्याकडची नाही. फॉर्म्युला वन बघणाऱ्यांना मायकल शूमाकर माहीत आहे. जर्मन भाषेत शूमाकर म्हणजे जोडे शिवणारा. फुटबॉलवाला थॉमस म्युलर, म्युलर म्हणजे गिरणीवाला. श्मिट म्हणजे लोहार, श्नायडर म्हणजे शिंपी, श्रायबर म्हणजे लिहिणारा, कारकून. म्युलर हे जर्मनीतलं सगळ्यात जास्त आढळणारं आडनाव, आणि त्याचं कारण साधं आहे. गावोगावी गिरणी होती आणि प्रत्येक गिरणीला एक म्युलर होता. त्यामुळे दोन म्युलर भेटले तर ते नातेवाईक असतीलच असं नाही. पुढे लाखो जर्मन अमेरिकेत गेले, तिथे कित्येक म्युलरचे मिलर झाले आणि श्मिटचे स्मिथ. हा म्युलर लक्षात ठेवा, थोड्या वेळाने लागेल.

आपल्याकडचा 'श्रायबर' म्हणजे 'नवीस'.

नवीस हा फारसी शब्द. लिहिणं या अर्थाच्या फारसी क्रियापदापासून आलेला, अर्थ 'लिहिणारा'. आमच्या भाषेत सांगायचं तर हे एक फंक्शन आहे. आत जे टाकाल ते लिहिणारा माणूस बाहेर येतो. चिठ्ठी टाका, चिठ्ठीनवीस, म्हणजे चिटणवीस, राजाचा पत्रव्यवहार सांभाळणारा. हिशेब टाका, हसबनीस. जमा टाका, जमेनीस. पारसी, म्हणजे फारसी, टाका, पारसनीस, फारसी पत्रं वाचणारा आणि लिहिणारा. टिपण टाका, टिपणीस. पोतं म्हणजे खजिन्याची थैली, म्हणून पोतनीस, रोकड सांभाळणारा. सबनीस हा फौजेच्या किंवा किल्ल्यावरच्या लोकांची हजेरी आणि हिशेब ठेवणारा. कारखानीस हा कारखान्याचा हिशेब लिहिणारा, पण इथे बुटीबोरीची एमआयडीसी डोळ्यासमोर आणू नका. तेव्हा कारखाना म्हणजे सरकारी कोठार किंवा खातं. धान्याचं, दारूगोळ्याचं, जवाहिरांचं.

फडणवीस थोडा वादाचा आहे. बरेच अभ्यासक तो 'फर्द' या शब्दावरून आला असं मानतात. फर्द म्हणजे कागदाचा ताव, यादी, नोंद. पंजाबात आजही जमिनीच्या उताऱ्याला फर्द म्हणतात. काही जण मराठीतल्या 'फड'शी, म्हणजे कचेरीशी, त्याचं नातं जोडतात. मला फर्द जास्त पटतो, कारण बाकीच्या सगळ्या नावांत पुढचा अर्धा भाग लिहिण्याची वस्तू किंवा विषय आहे, जागा नाही. काही असो, काम तेच होतं, राज्याच्या जमाखर्चाची दप्तरं सांभाळणं.

आणि नवीसचा नीस कसा झाला? जिभेच्या आळसाने. न-वी-स पटापट म्हणत राहा, मधला 'व' आपोआप गळतो. पण एक गंमत बघा. पोतनीस, पारसनीस, सबनीस, कारखानीस यांच्यात साधा 'न' आहे. चिटणीस आणि फडणीस यांच्यात 'ण' आहे. ट आणि ड म्हणताना जीभ आधीच वर वळलेली असते, ती परत खाली आणण्याचे कष्ट कोण घेणार? न चा ण होतो. (टिपणीसचा ण मात्र 'टिपण' मधूनच आलाय.) हे नियम कोणी समितीत बसून ठरवले नाहीत, पण रेजेक्सने पकडता येतील इतके चोख आहेत.

बरं, फारसी इथे आली कशी? बहामनी राज्य, मग आदिलशाही आणि निजामशाही. तीन-साडेतीनशे वर्षं दख्खनच्या राजकारभारात फारसी शब्द चालत होते. गावपातळीवरचा हिशेब मराठीत आणि मोडी लिपीत, पण पदांची नावं वरून येणारी. आज बँकेत मराठीत बोलणारा माणूसही 'मॅनेजर' म्हणतो, तसंच.

आता या गोष्टीतलं मला सगळ्यात आवडणारं वळण.

१६७४ मध्ये रायगडावर शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला. अष्टप्रधान मंडळ ठरलं आणि पदांची फारसी नावं बदलून संस्कृत केली गेली. मुजुमदाराचा अमात्य झाला. सुरनिसाचा सचिव, वाकनिसाचा मंत्री, डबीराचा सुमंत, सरनोबताचा सेनापती. वाकनीस म्हणजे वाकिया, घडलेल्या घटना, लिहिणारा. राजाचा रोजचा दिनक्रम आणि दरबारातल्या घडामोडी टिपणारा. एवढ्यावर थांबले नाहीत. महाराजांनी रघुनाथ पंडितांकडून राज्यव्यवहारकोश करवून घेतला, ज्यात कारभारातल्या हजाराहून जास्त शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिलेत. आजच्या भाषेत, पूर्ण सिस्टिमचं रिनेमिंग.

मग आज साडेतीनशे वर्षांनी तुमच्या कॉन्टॅक्ट लिस्टमध्ये काय सापडतं? मुजुमदार सापडतील. वाकनीस, डबीर, सरनोबत सापडतील. सबनीस आणि कारखानीस तर ढीगभर. अमात्य आणि सचिव ही नावं प्रामुख्याने बावड्याच्या पंत अमात्य आणि भोरच्या पंत सचिव या संस्थानी घराण्यांशी जोडलेली राहिली. राजाने हुकूम काढला, कोश करवला, पण घराघरांतलं फारसी नाव हललं नाही.

का? माझ्या मते उत्तर एका शब्दात आहे, वतन.

तेव्हा पद म्हणजे फक्त पगार नव्हता. पदाबरोबर जमिनी, गावांचं उत्पन्न, हक्क आणि मान मिळायचा, आणि बऱ्याचदा ते बापाकडून मुलाकडे जायचं. अशा वेळी 'मी फडणीस' म्हणणं म्हणजे स्वतःची ओळख सांगणं कमी आणि हक्क सांगणं जास्त. आडनाव हाच सातबारा! सातबाऱ्यावरचं नाव कोण बदलून घेईल? आपण कोडमध्ये जुनं फंक्शन वाईट नावाचं असलं तरी बदलत नाही, कारण पन्नास ठिकाणी त्याला कॉल गेलेला असतो. तसंच. त्या नावावर पन्नास कागद अवलंबून होते.

पद घराण्याला किती घट्ट चिकटायचं बघा. महाराजांचे चिटणीस बाळाजी आवजी. त्यांचं मूळ आडनाव चित्रे. महाराजांच्या नंतर, १६८१ मध्ये, संभाजी महाराजांविरुद्धच्या कटाच्या संशयावरून बाळाजींना देहदंड झाला. तुम्हाला वाटेल, संपलं, आता पद दुसऱ्या घराण्याकडे जाणार. पण त्यांचेच चिरंजीव खंडो बल्लाळ पुढे चिटणीस झाले. संभाजी महाराज, राजाराम महाराज, शाहू महाराज, तिघांच्या काळात त्यांनी सेवा केली. जिंजीच्या वेढ्यातून राजाराम महाराजांना सोडवून आणण्यात त्यांचा मोठा वाटा. त्याच घराण्यातल्या मल्हार रामराव चिटणीसांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला साताऱ्यात बखर लिहिली. तोवर 'चित्रे' मागे पडून 'चिटणीस' हेच आडनाव झालेलं होतं.

नाना फडणवीसांचंही तेच. जन्म १७४२, मृत्यू १८००. त्यांचं नाव बाळाजी जनार्दन भानू. भानू हे कोकणातल्या वेळासचं घराणं. पहिले भट पेशवे बाळाजी विश्वनाथ कोकणातले, श्रीवर्धनचे, त्यांच्याबरोबर भानूंचं नशीब वर आलं आणि फडणिशी घराण्यात आली. नानांच्या हातात पुढे जवळजवळ सगळं पेशवाईचं राजकारण आलं, पण ओळख राहिली ती हिशेबाच्या दप्तराची. हे म्हणजे देशाचा कारभार चालवणाऱ्या माणसाला आपण 'अकाउंट्सवाले' म्हणावं तसं.

इथे तो मघाचा म्युलर काढा. फडणवीस म्हटलं की लोक थेट नानांशी नातं जोडतात. तसं नसतं. नाना चित्पावन, भानू. आपल्याकडच्या मुख्यमंत्री झालेल्या फडणवीसांचं घराणं देशस्थ. जिथे दरबार तिथे दप्तर, जिथे दप्तर तिथे फडणवीस. सातारा, पुणे, नागपूर, बडोदा, ग्वाल्हेर, इंदूर, मराठ्यांची सत्ता जिथे जिथे गेली तिथे हिशेबनीस आणि पत्रलेखक लागलेच. प्रत्येक ठिकाणी हे आडनाव नव्याने उगवू शकत होतं. आडनाव पसरलं ते वंश वाढल्यामुळे कमी आणि कचेऱ्या वाढल्यामुळे जास्त.

नागपूरही त्यातलंच. गोंड राजांच्या हातून नागपूर अठराव्या शतकाच्या मध्यात रघुजी भोसल्यांकडे आलं आणि महालात त्यांचा दरबार थाटला. त्यांचे चिटणवीस वेगळे, फडणवीस वेगळे. १८५३ मध्ये तिसरे रघुजी वारसाविना गेले, १८५४ मध्ये इंग्रजांनी राज्य खालसा केलं. दरबारच नाही तर चिटणिशी कसली? पण चिटणवीस राहिले. गंगाधरराव चिटणवीस पुढे इंग्रजांच्या काळात 'सर' झाले आणि १९२१ मध्ये मध्य प्रांताच्या कायदे कौन्सिलचे पहिले अध्यक्ष. राजाची चिठ्ठी लिहिणाऱ्यांच्या घरातला माणूस कायदे करणाऱ्या सभेच्या खुर्चीवर. हे योगायोगाने झालं नाही. लिहिणं, कागद जपणं, सत्तेची भाषा शिकणं हे पिढ्यान्‌पिढ्या घरात होतं. आधी फारसी, मग मोडी मराठी, मग इंग्रजी.

या फारसी कुटुंबातले मराठी नसलेले भाऊ पण आहेत. मुजुमदार बंगालात मजुमदार झाले आणि गुजरातमध्येही आहेत. आणि मशीन लर्निंग शिकणाऱ्यांनो, कान टवकारा. महालनोबिस डिस्टन्स वापरलंय ना? प्रशांतचंद्र महालनोबिस, कलकत्त्याचे संख्याशास्त्रज्ञ. १९३६ चं ते सूत्र, आणि त्यांनीच उभारलेली इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूट. बंगालीत 'व' चा 'ब' होतो. महालनोबिस म्हणजे महालनवीस. महाल म्हणजे इथे राजवाडा नाही, महसुलाचा विभाग. महालाचा हिशेब लिहिणारा! म्हणजे ज्यांच्या आडनावात महसुलाची नोंदवही आहे, त्यांनी स्वतंत्र भारताच्या नमुना पाहणीची घडी बसवली. त्यांचा वाढदिवस २९ जून आपण सांख्यिकी दिन म्हणून पाळतो. चिटणीस पार्कवर चहा पिताना कोणी हे सांगितलं असतं तर मी म्हटलं असतं, काहीही फेकू नको भाऊ.

आणि हो, इराणमध्ये आजही हा प्रत्यय जोरात चालू आहे. तिथे प्रोग्रॅमरला 'बरनामेनविस' म्हणतात, प्रोग्रॅम लिहिणारा. म्हणजे माझं डेझिग्नेशन तिकडे थेट फडणवीसांच्या पंगतीत बसतं. पगार मात्र इकडचाच.

इथपर्यंत गोष्ट गोड आहे. आता जरा कडू भाग.

जर्मनीत लोहार श्मिट झाला, शिंपी श्नायडर झाला, कारकून श्रायबर झाला. हाताने काम करणारा आणि लेखणीने काम करणारा, दोघांचीही आडनावं झाली, आणि श्मिटचा नातू वकील झाला तर त्याच्या आडनावावरून कोणी त्याला कमी लेखत नाही. आपल्याकडे काय झालं? कारकुनाचं काम त्याचं आडनाव झालं, मान म्हणून. सुताराचं, कुंभाराचं, परटाचं काम त्याची जात झालं. काही ठिकाणी तेच आडनावही झालं, पण त्याचा अर्थ आधी जात असाच घेतला गेला. चिटणिसाच्या मुलाने चिठ्ठ्या लिहिणं सोडलं तर तो प्रगती करतो. कुंभाराच्या मुलाने चाक सोडलं तरी त्याला पहिला प्रश्न येतो, 'म्हणजे तुम्ही कुंभार ना?'

गावगाड्यात महाराकडे एक मोठं काम असायचं, शिवेची माहिती. कोणाचं शेत कुठे संपतं, गावाची हद्द कुठल्या दगडापाशी आहे, यावर वाद झाला तर त्याची साक्ष धरली जायची. थोडक्यात गावाचा लॅंड रेकॉर्ड त्याच्या डोक्यात होता. कुलकर्ण्याने तीच माहिती कागदावर लिहिली तर ते पद, वतन आणि आडनाव. महाराने ती तोंडपाठ ठेवली तर त्याला कुठला 'नवीस' लागला नाही. लिहिण्याचा हक्कच नव्हता, तर लागणार कुठून?

वतन मात्र त्यालाही होतं, महार वतन. आणि इथे शब्द एकच असून अर्थ उलटा होतो. फडणवीसाला वतन म्हणजे पिढीजात मिळकत. महाराला वतन म्हणजे थोडीशी जमीन, थोडं बलुतं, आणि त्याबदल्यात सरकार आणि गाव म्हणेल तेव्हा, म्हणेल ते, पिढ्यान्‌पिढ्या करायचं. इंग्रजांनी १८७४ च्या कायद्यात ही वंशपरंपरागत कामं पक्की केली. १९२८ मध्ये डॉ. आंबेडकरांनी मुंबई कौन्सिलात त्यात दुरुस्तीचं विधेयक मांडलं. ज्या वतनाचा दाखला एका घराला अभिमानाने मिरवावासा वाटतो, त्यातूनच दुसऱ्या घराला सुटका हवी होती.

स्वातंत्र्यानंतर हे सगळं कायद्याने गेलं. मुंबई राज्यात परगणा आणि कुलकर्णी वतनं १९५० च्या कायद्याने गेली, महार वतनासारखी वतनं १९५८ च्या कायद्याने. त्या दुसऱ्या कायद्याच्या नावातच 'कनिष्ठ' असा शब्द आहे, रद्द करतानाही वरचं-खालचं सुटलं नाही. आपलं नागपूर तेव्हा मध्य प्रदेशात, तिथे मालगुजारी १९५० च्या कायद्याने संपली. पदं गेली, उत्पन्न गेलं. आडनाव रद्द करणारा कायदा मात्र कुठेच नव्हता.

गडकऱ्यांचं थोडक्यात सांगतो, नाहीतर सुरुवातीला नाव घेऊन विसरलो म्हणाल. गडकरी म्हणजे गडावर वंशपरंपरेने राहून त्याची राखण करणारे, बदल्यात जमिनी. १८४४ मध्ये कोल्हापूरकडे सामानगडच्या गडकऱ्यांनी बंड केलं ते याच हक्कांवर गदा आली म्हणून. किल्ल्यांचं महत्त्व संपलं तरी नाव राहिलं. राम गणेश गडकऱ्यांना कोणी किल्ल्याची चावी मागितली नसेल, पण नाव तेच. ते गेले १९१९ मध्ये, आपल्याच नागपूर जिल्ह्यातल्या सावनेरला.

नाव आणि काम वेगळं झालं की मग मजाच मजा. लीला चिटणीस, १९४१ मध्ये लक्सच्या जाहिरातीत झळकलेल्या पहिल्या भारतीय नटी. एकनाथ चिटणीस, विक्रम साराभाईंचे सहकारी, थुंब्याची रॉकेटसाठीची जागा शोधणाऱ्यांपैकी एक. अनिल टिपणीस, टिपणं काढणाऱ्याचं आडनाव आणि पद हवाई दलप्रमुख. द. ब. पारसनीस, यांचं मात्र आडनाव शोभलं. जुनी कागदपत्रं गोळा करण्यात आयुष्य घालवलं. आणि माझे सगळ्यात लाडके शि. द. फडणीस. फडणीस म्हणजे लिहिणारा, आणि हा माणूस प्रसिद्ध कशासाठी? एकही शब्द न लिहिता हसवणाऱ्या चित्रांसाठी.

पद म्हणून हे शब्द पूर्ण मेले असंही नाही. आपल्या पक्षांमध्ये आणि कामगार संघटनांमध्ये आजही 'सरचिटणीस' निवडला जातो, आणि त्याचं आडनाव काहीही असू शकतं. आणि कुठल्याही तहसील किंवा कलेक्टर ऑफिसच्या बाहेर जा. झाडाखाली किंवा शेडमध्ये टेबल टाकून, लॅपटॉप आणि प्रिंटर घेऊन काही लोक बसलेले असतात. उत्पन्नाचा दाखला, प्रतिज्ञापत्र, फेरफाराचा अर्ज, जे ज्याला लिहिता येत नाही ते हे लिहून देतात. त्यांना अर्जनवीस म्हणतात. तोच शेपटाचा शब्द, पण ना वतन, ना जमीन, दर अर्जामागे ठरलेले पैसे. हे काम मिळवायला कोणाच्या घरात जन्मावं लागत नाही, आणि त्यातल्या कोणाचंही आडनाव अर्जनवीस नाही.

तुमच्या आडनावात कुठलं जुनं काम लपलंय ते व्हॉइस नोट करून पाठवा, चांगल्या गोष्टी पुढच्या भागात ऐकवतो. भेटूया!